कागदावरचे पूर्वज : ब्रिटिश उमराव घराण्यांच्या वंशावळी कशा रचल्या गेल्या आणि कशा तपासल्या गेल्या

#थ्रेड #इतिहास

१.
सन १८११. लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे उमरावसभेसमोर, एक विलक्षण प्रकरण निकालासाठी आले होते. प्रश्न युद्धाचा नव्हता, कराचाही नव्हता. ग्लॉस्टरशायरमधील एका खाटकाच्या मुलीचे लग्न १७८५ मध्ये लागले की १७९६ मध्ये, एवढेच सभेला ठरवायचे होते. पण या अकरा वर्षांच्या फरकावर इंग्लंडमधील एका अतिप्राचीन घराण्याची 'अर्ल' ही पदवी, तिच्या थोरल्या मुलांचे औरसपण आणि स्वतः त्या बाईची अब्रू टांगलेली होती. लग्नाच्या एका नोंदीला एवढे मोल का आले, हे समजण्यासाठी ब्रिटिश वंशावळींचा इतिहास मुळापासून पाहावा लागतो.

२.
आधी उतरंड. ब्रिटनमधील उमरावांच्या पाच श्रेणी : ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. यांना मिळून 'पीअर' म्हणतात. त्यांच्याखाली बॅरोनेट. वंशपरंपरागत असूनही हा उमराव नव्हे. त्याला फक्त नावाआधी 'सर' लावण्याचा मान. ही पदवी पहिल्या जेम्स राजाने १६११ मध्ये सुरू केली आणि तिची किंमतही ठरवून दिली : १,०९५ पौंड, अर्थात अल्स्टरमध्ये तीस शिपाई तीन वर्षे पोसण्याचा खर्च. त्याहून खाली 'जेंट्री'. यांच्यापाशी पदवी नसली तरी जमीन, वाडा आणि कुलचिन्ह असे. खेड्यापाड्यांतील प्रत्यक्ष सत्ता बहुधा याच वर्गाच्या हाती होती.

३.
युरोपातील अनेक देशांत सरदाराची सगळीच मुले सरदार ठरत. इंग्लंडमध्ये तसे नव्हते. पदवी एका वेळी एकालाच, बहुतेक वेळा थोरल्या मुलाला. धाकटी मुले कायद्याच्या दृष्टीने सामान्य प्रजाजन. विन्स्टन चर्चिल हा मार्लबरोच्या सातव्या ड्यूकचा नातू. पण धाकट्या मुलाचा मुलगा असल्यामुळे तो उमराव नव्हता आणि म्हणूनच हाऊस ऑफ कॉमन्समध्ये निवडून येऊ शकला. थोरल्या पातीला सर्व आणि धाकट्या पातीला नोकरी, चर्च, सैन्य किंवा वसाहती, अशी ही रचना होती. त्यामुळे थोरला कोण आणि तो औरस आहे का, हे दोन प्रश्न घरापुरते राहत नसत. त्यांची उत्तरे कायद्याला लागत.

४.
पदवीच्या मागे जमीन उभी होती. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रज वकिलांनी 'स्ट्रिक्ट सेटलमेंट' ही व्यवस्था पक्की केली. तिच्या दस्तामुळे इस्टेटीचा मालक केवळ हयातीपुरता उपभोक्ता ठरे. जमीन त्याच्या अजून न जन्मलेल्या वंशजासाठी बांधलेली असे. थोरला मुलगा एकवीस वर्षांचा झाला की बापलेक मिळून नवा दस्त करत आणि जमीन पुन्हा एक पिढी पुढे बांधून टाकत. विकता येत नाही आणि वाटताही येत नाही, अशी ही मालमत्ता होती. १८८२ च्या सेटल्ड लँड कायद्याने ही गाठ सैल केली. मृत्युपत्राविना मरणाऱ्याची जमीन थोरल्याकडे जाण्याचा नियम १९२५ च्या कायद्यांनी संपवला.

५.
जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीतील पेच हाच आहे. बेनेट कुटुंबात पाच मुली असतात, पण इस्टेट पुरुषवारसाच्या अटीने बांधलेली. त्यामुळे बापाच्या पश्चात राहते घर कॉलिन्स नावाच्या दूरच्या नातेवाइकाकडे जाणार. आजच्या वाचकाला हा कथेतला विनोद वाटतो. त्या काळच्या मुलींसाठी ते डोक्यावरचे छप्पर होते. एका पुत्राचा जन्म, एका लग्नाची तारीख किंवा एका धर्मगुरूची सही यावर हजारो एकरांचा मालक ठरत असे. अशा समाजात वंशावळ हा घरातल्या भिंतीवर मिरवण्याचा तक्ता उरत नाही, तो मालकीहक्काचा पुरावा होतो.

६.
पुरावा म्हटला की तो तपासणारा अधिकारी आला. तिसऱ्या रिचर्ड राजाने १४८४ मध्ये सनद देऊन 'कॉलेज ऑफ आर्म्स' स्थापन केले. येथील अधिकाऱ्यांना हेरल्ड म्हणत. कुलचिन्हे आणि वंशावळी यांची नोंद ठेवणे हे त्यांचे काम. आठव्या हेन्रीच्या आज्ञेने १५३० पासून हे हेरल्ड परगण्या-परगण्यांत फिरू लागले. या फेऱ्यांना 'व्हिजिटेशन' म्हणत. स्थानिक कुलीनांना बोलावणे जाई : जुने दस्त, शिक्के आणि थडग्यांवरील लेख घेऊन या आणि तुमचे कुलचिन्ह तुमचेच आहे हे दाखवा.

७.
ज्यांना दाखवता आले नाही त्यांना आपण कुलीन नसल्याचे लेखी मान्य करावे लागे, आणि अशा लोकांची नावे बाजारपेठेच्या गावात जाहीर केली जात. गावासमोर झालेली ही नाचक्की दंडापेक्षा जड होती. १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर मात्र या फेऱ्या कायमच्या थांबल्या. त्यांतून उरलेल्या वह्या आजही इंग्लिश घराण्यांच्या इतिहासाचे मोठे साधन आहेत. तथापि त्यांच्यात एक मूळचा दोष होता. हेरल्ड बहुतेकदा घरमालकाने सांगितलेलेच उतरवून घेत. आजोबा-पणजोबांपर्यंतची माहिती साधारण विश्वसनीय असे. त्यामागे धुके सुरू होई.

८.
त्या धुक्यात पूर्वज पेरले गेले. १५३६ ते १५४० या काळात हेन्रीने मठ बरखास्त केले आणि त्यांच्या जमिनी बाजारात आल्या. व्यापारी, वकील, दरबारी अधिकारी त्या विकत घेऊन रातोरात जमीनदार झाले. हाती जमीन आली, पण नावाला जुनेपण नव्हते. मग प्रत्येकाला १०६६ मध्ये विल्यम द कॉन्करर याच्यासोबत समुद्र ओलांडून आलेला एखादा नॉर्मन पूर्वज हवासा वाटू लागला. 'बॅटल ॲबी रोल' या नावाने विल्यमच्या साथीदारांच्या याद्या फिरत होत्या. प्रत्यक्षात त्या नंतरच्या काळातल्या आणि अविश्वसनीय. हेस्टिंग्जच्या रणांगणावर हजर असल्याचा भक्कम समकालीन पुरावा मोजक्याच नावांबाबत आहे.

९.
बनावटीचा एक नमुना डोळ्यांनी पाहता येतो. 'डेरिंग रोल' हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील चर्मपत्राचा पट्टा. त्यावर सरदारांची कुलचिन्हे रंगवलेली आहेत. मूळ स्वरूपात टिकलेला इंग्लंडमधील हा सर्वांत जुना असा पट. सतराव्या शतकात तो केंटमधील सर एडवर्ड डेरिंग याच्या हाती आला. डेरिंग हा जुन्या कागदपत्रांचा व्यासंगी संग्राहक होता. पण या पटावर आपल्या घराण्याचे नाव नाही, हे त्याला सोसवेना. त्याने निकोलस द क्रिऑल याची ढाल खोडून तिथे आपले कुलचिन्ह काढले आणि 'रिचर्ड फिट्झ डेरिंग' नावाचा कधी न जन्मलेला पूर्वज लिहून टाकला. २००८ मध्ये हा पट ब्रिटिश लायब्ररीने विकत घेतला, त्या खाडाखोडीसह.

१०.
याहून मोठी उडी फील्डिंग घराण्याने घेतली. डेन्बीचे अर्ल असलेल्या या घराण्याने सतराव्या शतकात दावा केला की आपला मूळ पुरुष ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजकुळातला. पुराव्यादाखल मध्ययुगीन सनदा पुढे आल्या आणि घराण्याच्या चिन्हांत हॅब्सबर्गांचा गरुडही विराजमान झाला. कादंबरीकार हेन्री फील्डिंग याच विस्तृत घराण्यातला. अठराव्या शतकातील थोर इतिहासकार एडवर्ड गिबन यानेही या कथेवर विश्वास ठेवून फील्डिंगचा गौरव करताना हॅब्सबर्गांशी त्याचे नाते जोडले. रोमच्या ऱ्हासाची चिकित्सा करणारा माणूसही शेजारच्या उमरावाच्या वंशवृक्षापुढे बेसावध राहिला. त्या सनदा बनावट होत्या, हे सिद्ध व्हायला विसावे शतक उजाडावे लागले.

११.
दरम्यान वंशावळीचा छापील बाजार उभा राहिला. जॉन डेब्रेटचा 'पीअरेज' १८०२ मध्ये आला. १८२६ मध्ये जॉन बर्क या आयरिश लेखकाने उमराव आणि बॅरोनेट यांचा कोश काढला. तोच 'बर्क्स पीअरेज'. पुढे १८३३ ते १८३८ मध्ये त्याने पदवी नसलेल्या जमीनदारांच्या वंशावळी चार खंडांत छापल्या. त्यातून 'लँडेड जेंट्री' ही मालिका निघाली. मजकूर बहुतांशी त्या त्या घराण्यांकडूनच येई. त्यामुळे सतराव्या शतकात एखाद्या हेरल्डने मान डोलावलेली कथा आता सोनेरी कडांच्या ग्रंथात छापून अधिकृत ठरली. जे छापले ते खरे, हा समज विलायतेतही तितकाच बळकट होता.

१२.
या वर्गाच्या हातात किती जमीन होती, याचाही हिशेब एकदा निघाला. जमीन मूठभरांच्या हाती आहे, अशी टीका होऊ लागली तेव्हा ती खोडून काढण्यासाठी लॉर्ड डर्बी यांनी १८७२ मध्ये जमीनमालकांची शिरगणती मागितली. आकडे बाहेर आले आणि टीकाकारच खरे ठरले. देशातील सुमारे चार-पंचमांश जमीन साधारण सात हजार व्यक्तींच्या मालकीची निघाली. जॉन बेटमन याने त्या आकड्यांतील चुका दुरुस्त करून मोठ्या जमीनदारांची यादी तयार केली. तिची शेवटची आवृत्ती १८८३ ची. बर्कचा ग्रंथ आणि बेटमनची यादी शेजारी ठेवल्यावर वंशवृक्षाची मुळे कोणत्या मातीत होती ते दिसते.

१३.
मग चिकित्सेची पिढी आली. इतिहासकार एडवर्ड फ्रीमन याने १८७७ मध्ये वंशावळी रचणाऱ्यांवर एका लेखातून कडाडून हल्ला केला. जॉर्ज कोकेन याने १८८७ ते १८९८ या काळात 'कम्प्लीट पीअरेज' हा आठ खंडांचा कोश तयार केला. स्वतः हेरल्ड असूनही त्याने घराण्यांच्या दंतकथांना थारा दिला नाही. आणि सर्वांत धारदार लेखणी होती होरेस राउंड याची. १९०१ मधील ग्रंथात त्याने फील्डिंगांचे हॅब्सबर्ग मूळ उखडून टाकले. त्यानंतर घराण्याचे नाव राहिले, पदवीही राहिली. गेला तो फक्त खोटा पूर्वज.

१४.
या चिकित्सकांची रीत आजच्या अभ्यासकानेही गिरवावी अशी आहे. वंशावळ वरून खाली वाचायची नाही. आजच्या माणसापासून मागे एकेक पिढी सरकायचे. प्रत्येक सांध्यासाठी त्या काळातलाच कागद मागायचा : मृत्युपत्र, जमिनीचा दस्त, जमीनधारकाच्या मृत्यूनंतर झालेली सरकारी चौकशी आणि १५३८ पासून ठेवल्या गेलेल्या पॅरिशच्या जन्म-लग्न-मृत्यू नोंदी. आडनाव सारखे म्हणून नाते गृहीत धरायचे नाही. आणि एखादा दस्त फारच सोयीच्या वेळी सापडला असेल, तर तो कोणाच्या कपाटातून निघाला हे आधी विचारायचे.

१५.
आता १८११ च्या त्या प्रकरणाकडे. बर्कली हे घराणे या कसोट्यांवरही विलक्षण होते. नॉर्मन विजयाच्या आधीच्या पुरुषापर्यंत पितृपरंपरा नेता येते, असे इंग्लंडमध्ये जेमतेम दोन-तीन वंश मानले जातात. बर्कली हा त्यांपैकी एक. बाराव्या शतकात ब्रिस्टलच्या रॉबर्ट फिट्झहार्डिंगला बर्कलीची जहागीर मिळाली आणि तेव्हापासून घराणे तिथेच नांदले. १३२७ मध्ये पदच्युत राजा दुसरा एडवर्ड याचा शेवट याच किल्ल्यात झाला. देवीच्या लशीचा जनक एडवर्ड जेन्नर याच गावचा. ज्या घराण्याला खोटा पूर्वज रचण्याची कधी गरज पडली नव्हती, त्याच घराण्यावर खोट्या नोंदीचा ठपका यायचा होता.

१६.
पाचवा अर्ल फ्रेडरिक ऑगस्टस बर्कली याने मेरी कोल हिच्याशी संसार मांडला. मेरी ग्लॉस्टरशायरमधील खाटकाची मुलगी. १६ मे १७९६ रोजी लंडनजवळच्या लॅम्बेथ येथे दोघांचे रीतसर लग्न लागले. पण त्याआधीच त्यांना मुले झाली होती. थोरला विल्यम १७८६ चा. इंग्लिश कायद्यात आईबापांच्या नंतरच्या लग्नाने आधीची मुले औरस होत नसत. हा नियम १९२६ मध्ये बदलला, आणि तेव्हाही उमरावपदांचा वारसा त्यातून वगळला गेला. विल्यमला अर्ल व्हायचे तर १७८६ पूर्वीचे लग्न दाखवणे भाग होते.

१७.
तसे लग्न दाखवण्यात आले. अर्लचे म्हणणे असे की ३० मार्च १७८५ रोजी बर्कलीच्या चर्चमध्ये गुप्तपणे पहिला विवाह झाला होता आणि तिथल्या नोंदवहीत व्हिकर ऑगस्टस हप्समन याच्या हातची नोंद आहे. १८१० मध्ये अर्ल वारला आणि विल्यमने पदवीवर हक्क सांगितला. विधवा झालेली मेरी स्वतः साक्षीला उभी राहिली. उमरावसभेपुढे अडचण उघड होती. लग्न आधीच लागले होते, तर अकरा वर्षांनी ते पुन्हा लावण्याचे कारण काय? आणि ज्या लग्नाने मुलांचे भवितव्य ठरणार होते, ते इतकी वर्षे लपवून कशासाठी ठेवले? सभेने १७८५ च्या नोंदीवर विश्वास ठेवला नाही. विल्यमचा दावा फेटाळला गेला.

१८.
निकालाचा अर्थ असा, की १७९६ च्या लग्नानंतर जन्मलेला पहिला मुलगा थॉमस मोर्टन हाच सहावा अर्ल. तो तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. पुढे सज्ञान झाल्यावरही त्याने ही पदवी कधी धारण केली नाही. ती घेणे म्हणजे आपले थोरले भाऊ अनौरस आणि आपली आई खोटे बोलली, हे स्वतःच्या तोंडाने मान्य करणे. १८८२ मध्ये तो अविवाहित वारला. सत्तरहून अधिक वर्षे कायद्याने अर्ल असलेला माणूस 'मिस्टर बर्कली' म्हणूनच जगला. किल्ला आणि इस्टेट बापाच्या मृत्युपत्राने विल्यमला मिळाली होतीच. सरकारने पुढे त्याला १८४१ मध्ये 'अर्ल फिट्झहार्डिंग' अशी वेगळी, नवी पदवी दिली. जुनी पदवी चुलत शाखांकडे फिरत राहिली आणि १९४२ मध्ये संपली.

१९.
पदवीला औरस रक्त हवे होते. आडनावाला मात्र तशी अट नव्हती. मुलगी किंवा दूरचा नातेवाईक इस्टेटीचा वारस होई, तेव्हा 'आमचे नाव आणि चिन्ह लावशील तरच जमीन' अशी अट अनेकदा घातली जाई. १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, पितृपरंपरेने कॉली घराण्याचा. त्याचा आजोबा रिचर्ड कॉली याला १७२८ मध्ये गॅरेट वेस्ली या नातेवाइकाची आयर्लंडमधील इस्टेट मिळाली आणि तो वेस्ली झाला. त्याचेच पुढे 'वेलस्ली' झाले. मराठी इतिहासाला ठाऊक असलेले हे नाव जमिनीसोबत आलेले आहे.

२०.
उत्तरेतील पर्सी घराण्याची तऱ्हाही तीच. सर ह्यू स्मिथसन या बॅरोनेटने पर्सींच्या वारसकन्येशी लग्न केले, १७५० मध्ये संसदेच्या कायद्याने पर्सी हे नाव घेतले आणि १७६६ मध्ये तो नॉर्थम्बरलंडचा ड्यूक झाला. याच ड्यूकला विवाहबाह्य संबंधातून एक मुलगा होता : जेम्स स्मिथसन. वंशवृक्षात त्याला जागा नव्हती, पदवी नव्हती. तो रसायनशास्त्राकडे वळला आणि १८२९ मध्ये वारला. ज्या देशात तो कधी गेला नव्हता त्या अमेरिकेला त्याची संपत्ती ज्ञानप्रसारासाठी मिळाली. त्यातून १८४६ मध्ये वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. बापाने टाकून दिलेले आडनाव अनौरस मुलाने जगभर नेले.

२१.
या वंशविचाराची एक कडी थेट साताऱ्याला पोहोचते. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब निधन पावले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने तो दत्तक राज्याच्या वारसासाठी मानला नाही आणि सातारा खालसा केले. या धोरणामागे महसूल आणि सत्ताविस्तार हेतू होतेच. पण नोंद घेण्याजोगी गोष्ट ही, की हिंदू धर्मशास्त्रात पूर्ण पुत्र मानल्या गेलेल्या दत्तकाला खुद्द इंग्लंडच्या कायद्यात स्थानच नव्हते. तिथे दत्तकविधानाचा कायदा झाला १९२६ मध्ये. आजही दत्तक मुलाला उमरावपदाचा वारसा मिळत नाही.

२२.
नियतीचा खेळ पुढेच आहे. डलहौसी स्वतः स्कॉटलंडच्या रॅम्से घराण्यातील दहावा अर्ल. हिंदुस्थानातील कामगिरीबद्दल त्याला मार्क्वेस ही वरची पदवी मिळाली. त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. १८६० मध्ये तो वारला तेव्हा मार्क्वेसपद त्याच्याबरोबरच संपले आणि अर्लपद फॉक्स मॉल या चुलतभावाकडे गेले. हा चुलतभाऊ रॅम्सेचा मॉल कसा झाला? त्याच्या वडिलांनी नात्यातल्या एका निपुत्रिक अर्लच्या इस्टेटीसोबत ते नाव घेतले होते. निपुत्रिकाची जमीन आणि नाव दुसऱ्या शाखेतील मुलाकडे जाणे डलहौसीच्या घरातच घडले होते. साताऱ्याला मात्र ती मुभा मिळाली नाही.

२३.
हिंदुस्थानी माणूस या उतरंडीत शिरला तेव्हा नियमांनाच वळावे लागले. मुंबईचे दानशूर व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय १८५७ मध्ये बॅरोनेट झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पारशी रिवाजात पिढीगणिक बापाचे नाव बदलत जाई, मग पदवीला स्थिर आडनाव आणायचे कुठून? १८६० मध्ये त्यासाठी खास कायदा झाला : पदवीचा जो वारस होईल त्याने 'जमशेटजी जीजीभॉय' हेच नाव धारण करावे. आधीचे नाव काहीही असो, गादीवर आला की तो जमशेटजी. इंग्लिश जमीनदारांची 'नाव आणि चिन्ह' ही जुनी अट अशा रीतीने मुंबईत अवतरली.

२४.
सत्येंद्र प्रसन्न सिन्हा यांचे प्रकरण त्याहून अवघड ठरले. १९१५ च्या मुंबई काँग्रेसचे हे अध्यक्ष १९१९ मध्ये 'बॅरन सिन्हा ऑफ रायपूर' झाले. हे रायपूर बंगालमधील बीरभूमचे. १९२८ मध्ये ते वारले आणि मुलगा अरुणकुमार याने उमरावसभेतील जागा मागितली. शंका निघाली : आईबापांचे १८८० मधील लग्न हिंदू पद्धतीचे, त्या काळच्या हिंदू कायद्यात पुरुषाला दुसरी बायको करता येत होती, मग अशा लग्नाचा मुलगा इंग्लिश अर्थाने 'औरस' का? सिन्हांनी दुसरे लग्न केले नव्हते आणि पुढे ते एकपत्नीत्व मानणाऱ्या ब्राह्मो समाजात गेले होते. या आधारावर १९३९ मध्ये दावा मान्य झाला. एकुलत्या लग्नाच्या मुलालाही आपले औरसपण सिद्ध करायला अकरा वर्षे लागली.

२५.
मग कागदाच्या जोडीला रक्त आले. स्कॉटलंडमधील स्टिचिलच्या प्रिंगल घराण्याची बॅरोनेटपदवी १६८३ ची. दहावे बॅरोनेट २०१३ मध्ये वारल्यावर मुलगा आणि चुलत शाखेतील नातलग असे दोन दावेदार उभे राहिले. घराण्याच्या इतिहासासाठी पूर्वी गोळा झालेल्या डीएनए नमुन्यांतून दिसले होते, की नववे बॅरोनेट हे आठव्यांचे पुत्र नव्हते. हा पुरावा ग्राह्य धरायचा का? २०१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीने तो ग्राह्य धरला आणि पदवी चुलत शाखेकडे गेली. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचे एका घरातले गुपित नातवंडांच्या पिढीत न्यायालयात उघडे पडले. ज्या बाईबद्दल ते होते, तिची बाजू मांडायला कोणीच नव्हते.

२६.
शेवटचा दाखला राजाचा. तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर येथे एका वाहनतळाखाली सापडला. ओळख पटवण्यासाठी त्याची बहीण ॲन हिच्यापासून आईकडून मुलीकडे आलेल्या वंशरेषेतील दोन हयात व्यक्ती शोधल्या गेल्या. त्यांतला एक लंडनमध्ये लाकडी सामान घडवणारा कारागीर. पाचशेहून अधिक वर्षांनंतर ती रेषा जुळली. पुरुषरेषेसाठी बोफर्टच्या ड्यूकवंशातील पाच पुरुष तपासले. पीअरेजच्या ग्रंथांनुसार ते आणि रिचर्ड एकाच पुरुषाचे, तिसऱ्या एडवर्ड राजाचे वंशज. पण एकाचेही रिचर्डशी जुळले नाही. मधल्या एकोणीस सांध्यांपैकी कुठेतरी धागा तुटला होता. आणि त्या पाचांतला एक तर उरलेल्या चौघांशीही जुळला नाही.

२७.
शतकानुशतके मुलींची नावे वंशवृक्षाच्या कडेला, कधी नुसती 'एक कन्या' अशी लिहिली गेली. पदवी, जमीन, चिन्ह सारे पुरुषरेषेवर सोपवले गेले, आणि ती रेषा शेवटी एका विश्वासावर उभी होती. कॉलेज ऑफ आर्म्सला सनद देणाऱ्या राजाची ओळख पटली ती त्याच्या बहिणीच्या लेकींमुळे. म्हणून या वंशावळी टाकून द्यायच्या का? मुळीच नाही. त्या खऱ्या आहेत तिथे समाजाचा सांगाडा दाखवतात. आणि खोट्या आहेत तिथे, त्या समाजाला काय असावेसे वाटत होते ते सांगतात. डेरिंगच्या पटावरची खोडलेली ढाल म्हणूनच जपून ठेवण्यासारखी आहे.

(समाप्त)